सैपाकघराची बाजू

मला राग येतो. लहानपणापास्नं येतो, आन आला की लपत न्हाय. तवा ही गोष्ट मी थंड डोक्यानं सांगीन असं कुणी समजू नये.

आमचे मालक रेवणप्पा. सोलापुरात पितळी भांड्यांचं दुकान, आन दुकानाच्या मागं आमचं घर. पोरबाळ न्हाय. घरात आमी दोघंच, आन दोघंबी सारखंच तापट. आमच्या शेजाऱ्यांना रेडिओ घ्यायची गरज कधी पडली न्हाय.

त्या वैशाखात माझ्या भावाच्या पोरीचं लगीन हुतं, अक्कलकोटला. बहात्तरच्या दुष्काळापायी दोनदा पुढं ढकललेलं लगीन. वरनं रेल्वेचा संप. म्हणून मी म्हणलं, मी आधीच एस्टीनं जाते, भावाला हाताखाली माणूस लागंल. मालक म्हणले, "लगीनसराईत दुकानात पाय ठेवाय जागा न्हाय, आन तू चाललीस व्हय? मी जेवायचं कुटं?" झालं. तितनं जे सुरू झालं ते चूल थंड पडली तरी थांबंना. शेवटी मी म्हणलं, "मी चालले. बघा तुमचं तुमी." ते म्हणले, "जा. परत तोंड दाखवू नको." हे सगळ्या गल्लीनं ऐकलं. माझ्या नशिबानं सगळ्या गल्लीनं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी ट्रंक दारात, आन मालक पूजेला बसलेले. आमच्यात आंघोळ झाली की गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करतात. मी सैपाकघरात वाटेसाठी भाकरी बांधत हुते. धप्पकन आवाज आला. धावत आले तर मालक पाटावरनं डावीकडं कलंडलेले, तोंड वाकडं, डावा हात लुळा पडलेला. ट्रंक दारातच राहिली. लगीन माझ्याबिगर झालं.

आठवडाभर सरकारी दवाखान्यात काढला आन घरी आणलं. वळसंगास्नं माझा दीर महादेवप्पा आन थोरली नणंद चंद्रव्वा, दोघं पहिल्याच दिवशी आलेले. महादेवप्पा गावाकडची शेती बघतो. चंद्रव्वाक्का विधवा, त्याच्याकडंच असती. आले ते मुक्कामालाच. दवाखान्यात डॉक्टर जे काय बोलायचा ते महादेवप्पाशी. मी खाटेखाली बसलेली, डबा धरून. घरी येताना मी इचारलं, "भावजी, डॉक्टर काय म्हणला?" तर म्हणतो, "डावी बाजू गेली म्हणला. मेंदूत रगत साकळलंय. तुला काय कळतंय त्यातलं?"

मला काय कळतंय! नवरा माझा, आन मेंदू भावजींचा.

मधल्या खोलीत लोखंडी कॉट टाकली. मालक तक्क्याला टेकून बसायचे. त्यांच्या उजव्या अंगाला रस्त्याचं दार. तितं बाक टाकला, बघायला येणारी मंडळी त्यावर बसायची, आन कॉटला अगदी लागून खुर्चीवर अक्का. डाव्या अंगाला सैपाकघराचं दार. मी त्या दारातनं यायची, काम करायची, त्याच दारातनं आत जायची. थोरली नणंद बसलेली असताना नवऱ्याशेजारी खुर्ची टाकून बसायची आमच्यात रीत न्हाय. मी ती रीत पाळली. आत्ता आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाती.

कारण मालक माझ्याकडं बघंनात.

मी त्यांचं तोंड पुसायची, पाय चेपायची, सगळं घाण-मूत काढायची. नजर फिरवून एकदा तरी बघावं! न्हाय. सारखी मान उजवीकडं, अक्काकडं. मी डावीकडनं इचारायची, "ऊन लागतंय का?" तर उत्तर अक्काला. "व्हय अक्का, दार लोट." अक्का तर बोललेलीच नसायची! पण ती लगीच उठून दार लोटायची आन माझ्याकडं असं बघायची, जसं काय मी भांडी घासायला लावलेली बाई. माझं नाव म्हणून त्यांनी एकदा काढलं न्हाय. आजारपणात एकदाबी "जगदेवी" म्हणून हाक न्हाय.

गल्लीतल्या बाया कुजबुजायच्या. "परत तोंड दाखवू नको म्हणला न्हवता का? माणूस शब्दाचा पक्का हाय बघ." 

मला आधी वाईट वाटलं. मग राग आला. मरणाच्या दारातनं माणूस परत येतो आन येताना भांडण तेवढं बरोबर घेऊन येतो? मीबी गप्प बसले. बोलायचं न्हाय तर नका बोलू, माझंबी तोंड काय फुकटचं न्हाय.

पण जेवणाचं सोंग मला बघवंना. ताट मी नीट रीतीनं वाढायची. डाव्या हाताला मीठ, लिंबू, चटणी. उजव्या हाताला भाजी, आमटी. मधी भाकरी. मालक भाजी खायचे, आमटी प्यायचे, आन भाकरीचा उजवा निम्मा भाग खाऊन डावा निम्मा तसाच ठेवायचे, कात्रीनं कापल्यासारखा. चटणीला बोट लावायचे न्हाईत. शेंगाची चटणी म्हणजे ह्या माणसाचा जीव. लग्नानंतर पहिल्यांदा माझ्याशी गोड बोलले ते चटणीवरनं. मी खलबत्त्यात कुटून कुटून हाताला फोड आणलेली, आन चटणी तशीच परत. वर वरडायचे, "भाकरी आणा की! उपाशी मारता काय?"

मग अक्का खुर्चीवरनं वाकायची, उरलेली भाकरी उचलायची आन घास करून भरवायची. तिच्या हातानं गुपचूप खायचे.

"बघितलंस महादेवप्पा?" ती म्हणायची. "माझ्या हातचं खातोय. हिच्या हातचं गिळवंना त्याला."

आन कपाळावरची इभूत! तीन बोटं भरून स्वतःच लावायचे, पण पट्टे कपाळाच्या मधोमध येऊन थांबायचे. डावं कपाळ कोरं. अक्का पुसून नीट लावून द्यायची आन डोळ्याला पदर लावायची. एकदा तिनं त्यांच्या डाव्या तळहातावर लिंग ठेवायला घेतलं, तर मालकांनी उजव्या हातानं तिचा हात झटकला. "हितं नगं. हा माझा हात न्हाय." सगळं घर हादरलं. ज्या हातावर जन्मभर पूजा केली तो हात माझा न्हाय म्हणतोय! तेव्हापास्नं तो लुळा हात ते उजव्या हातात धरून बसायचे, मनगटापाशी घट्ट. अक्काला तेल लावू द्यायचे न्हाईत. तुझा न्हाय तर मग कुणाचा बाबा, असं कुणी इचारलं न्हाय. मीबी न्हाय. मी तर रुसलेले.

मग एक दिवस महादेवप्पा सैपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभा राहिला. एरवी कधी पाणी प्यायलाबी आत न येणारा माणूस.

"वैनी, सोमवारी आमी अण्णाला वळसंगला नेतोय. जीप सांगितलीय."

"आन मी?"

"तू काय... तुला तो बघतबी न्हाय. तुझ्या हातचं खात न्हाय. तुला बघून त्याचं डोकं आणखी फिरायचं. तू जा काही दिवस अक्कलकोटला, भावाकडं."

काही दिवस! मला कळत न्हाय का? पोर न्हाय, बाळ न्हाय, नवरा तोंड बघत न्हाय. अशी बाई एकदा माहेरी गेली की ती कायमची गेली. नवरा वळसंगात, दुकान दिराच्या हातात, आन मी भावजयीच्या चुलीपुढं. मी म्हणलं, "मी न्हाय जाणार." तर अक्का मधल्या खोलीतनं म्हणली, "तुला न्यायचं का ठेवायचं, त्यो सांगंल की. इचार त्यालाच." मी गेले. डाव्या दारातनंच गेले. म्हणलं, "अहो, वळसंगला जायचं का तुमाला?" मालक उजवीकडं बघत म्हणले, "अक्का म्हणती तसं."

त्या क्षणी मला वाटलं, जावा. सगळेच जावा. जळ्ळं मेलं ते घर.

सोमवार उजाडला. जीप दुपारची. सकाळी मी शेवटचं ताट वाढलं, चांगलं पितळी ताट, दुकानातलं नवं, गुळगुळीत बुडाचं. कॉटवर चौरंग ठेवला, त्यावर ताट. मालकांनी रोजच्यासारखी अर्धी भाकरी खाल्ली आन वरडले, "भाकरी आण की अक्का! जायच्या दिवशी तरी पोटभर घाला!"

माझं डोकं फुटलं. म्हणलं, "डोळं गेलं काय तुमचं? ही काय पुढ्यात भाकरी! ही काय!" आन ताटाच्या काठावर असा फटका मारला की ताट गरकन फिरलं. आमटी सांडली, लिंबू खाली गेलं. डावीकडचं सगळं उजवीकडं आलं.

मालकांनी ताटात बघितलं. "हां," म्हणले, "आत्ता आली भाकरी. आन चटणीबी!" चटणीचा मोठा घास घेतला, डोळं मिटलं. "लई झ्याक झालीया. किती दिवसांनी खातोय. अक्का, तू केलीस व्हय?"

"मीच की रे," अक्का म्हणली.

देवाशपथ, मी तिच्या अंगावर धावूनच गेले असते. पण माझ्या डोक्यात दुसरंच काही तरी अडकलं. किती दिवसांनी? रोज तर वाढते मी. म्हणजे त्यांनी चटणी टाकली न्हवती. त्यांना ती दिसलीच न्हवती. ताट फिरल्यावर दिसली.

मी ताट तसंच टाकलं, चप्पल पायात घातली आन बाहेर पडले. अक्का मागनं वरडत हुती, "जगदेवी, कुटं? सांडलेलं कोण पुसणार?" म्हणलं, "तुमी पुसा! चटणी तुमी केली की न्हाय? आमटीबी तुमीच पुसा!"

टांगा केला आन सरळ दवाखाना. डॉक्टरच्या खोलीत शिरले तेव्हा तो डॉक्टरकीच्या पोरांना शिकवून नुकताच आलेला, टेबलावर काचेची बरणी. म्हणला, "बाई, नंबर घ्या." मी म्हणलं, "माझा नंबर महिना झाला लागून. रेवणप्पाची बायको मी. माझ्या नवऱ्याला काय झालंय ते मला सांगा. माझ्या दिराला न्हाय, मला."

माणूस वाईट न्हवता. त्यानं मला बसवलं. मी ताटाचं सांगितलं, इभूतीचं सांगितलं, हाताचं सांगितलं. तो मान हलवत हुता, जसं काय हे सगळं त्याला पाठ हाय. मग त्यानं बरणी पुढं ओढली.

"हा मेंढीचा मेंदू आहे बाई."

"शिव शिव! आमी लिंगायत हाय. लांब धरा ते."

"बघायला काय हरकत आहे? मेंढी काय, कुत्रा काय, माणूस काय, पिलाला दूध पाजणाऱ्या सगळ्यांच्या मेंदूची ठेवण एकच. माणसाचा वरचा भाग तेवढा खूप वाढलेला. हा खालचा देठ बघा. श्वास आणि काळजाचे ठोके इथून चालतात. हा गेला तर माणूस गेला. हा मागचा लहान मेंदू, तो तोल सांभाळतो. पेला उचलताना हात थरथरत नाही तो याच्यामुळं. आणि हा वरचा मोठा मेंदू, त्याचे दोन भाग. उजवा भाग डाव्या अंगावर राज्य करतो, डावा उजव्या अंगावर."

"उलटं का?"

"ते देवाला विचारा. अगदी मागच्या टोकाला दिसण्याचं ठिकाण. तुमच्या नवऱ्याचं ते शाबूत आहे, डोळेही चांगले आहेत. कपाळाच्या मागं विचार करण्याचं, स्वतःला आवरण्याचं ठिकाण."

"माझ्यात देवानं ते घातलंच नसंल. आन राग कुटं असतो?"

तो हसला. "आत खोलवर. दोन्ही बाजूंना एकेक, बदामाएवढा."

"माझा नारळाएवढा असंल. बोला पुढं."

मग त्यानं स्वतःच्याच डोक्यावर बोट ठेवलं. उजव्या कानाच्या वर, जरा मागं. "इथं इजा झाली आहे. हे लक्ष देण्याचं ठिकाण. डाव्या बाजूला जग आहे, याची मेंदू नोंदच घेत नाही. भाकरीचा डावा भाग त्यांच्या दृष्टीनं नाहीच. डावीकडून कुणी बोललं तर त्यांना वाटतं, उजवीकडचा माणूस बोलला. स्वतःचा डावा हातसुद्धा आपला वाटत नाही. ते मुद्दाम करत नाहीत, बाई. ते वेडेही नाहीत."

डोळ्यांपुढं आमचं घर आलं. रस्त्याचं दार उजवीकडं, सैपाकघराचं दार डावीकडं. त्या मेल्या रक्ताच्या गाठीनं इतक्या मोठ्या डोक्यात जागा शोधून शोधून शोधली, आन पुसलं काय, तर सैपाकघर.

"हे तुमी कुणाला का सांगितलं न्हाय?" मी वरडले.

"सांगितलं की. तुमच्या दिरांना नीट समजावलं होतं. सगळ्यांनी उजवीकडून बोला, मग हळूहळू त्यांना डावीकडं बघायला शिकवा. थोडं थोडं सुधारतं."

"तुमी त्याला सांगितलं? ज्यानं भावाला एक तांब्या पाणी दिलं न्हाय त्याला? मी खाटेखाली बसले हुते, डॉक्टरसाहेब, तुमच्या पायापाशी! जी माणसाचं सगळं करती तिला सोडून तुमी बाकावर बसणाऱ्याला सांगितलं!"

डॉक्टरनं बरणी बाजूला सारली.

घरी आले तर जीप दारात. महादेवप्पा गाठोडी ठेवत हुता. मी त्याला रस्त्यातच धरलं. "भावजी, डॉक्टरनं तुमाला उजवीकडनं बोलायला सांगितलं हुतं का न्हाय?"

"सांगितलं हुतं की. आमी उजवीकडंच बसतो."

"आन मी?"

"तू तर सैपाकघरात असतीस," तो म्हणला. खरंच असं म्हणला. त्याला त्यात काही वावगंबी वाटलं न्हाय.

मी आत शिरले. जन्मात पहिल्यांदा पाव्हण्यांसारखी रस्त्याच्या दारानं आत शिरले. खुर्चीवर अक्का.

"उठा अक्का."

"आगं, दिराच्या म्होरं, नवऱ्याशेजारी..."

"उठा म्हणते न्हवं! न्हायतर खुर्चीसकट उचलीन."

अक्का उठली. मी बसले. माझा पदर खांद्यावरनं घसरलेला, केस सुटलेले, घामानं निथळत हुते. मालकांनी बघितलं. सरळ माझ्या तोंडाकडं बघितलं. बघतच राहिले, आन बघता बघता त्यांचा चेहरा रागानं लाल झाला.

"आलीस व्हय?" म्हणले. "झालं लगीन?"

मी खुर्ची आणखी पुढं ओढली.

"मी मरायला टेकलो, आन तू तिकडं लाडू वळत बसलीस. महिना झाला. गल्लीतलं कुत्रंबी येऊन बघून गेलं. तुला येववलं न्हाय."

"मी हितंच हुते की हो! रोज हुते!"

"खोटं बोलू नको. मी काय आंधळा हाय?" ते तक्क्यावरनं पुढं झुकले. "नाव न्हाय काढलं मी तुझं. ठरवलंच हुतं, येईपर्यंत काढायचं न्हाय. मला वाटलं तू येणारच न्हाईस. मी म्हणलं हुतं न्हवं, परत तोंड दाखवू नको. मला वाटलं, लागलं तुला ते."

मागं अक्का रडाय लागली. महादेवप्पा दारात उभा हुता, हातात गाठोडं.

"पण मला एक सांग," मालक म्हणले. त्यांनी उजव्या हातानं तो लुळा डावा हात उचलला आन मांडीवर ठेवला, जपून, दुकानातलं नाजूक भांडं ठेवावं तसा. "जायचं हुतं तर सगळीच जायचीस. हा हात कशाला हितं ठेवून गेलीस?"

"कुणाचा हात?"

"तुझा! आणखी कुणाचा? रात्रंदिवस माझ्या अंगाला चिकटून. अक्का त्याला तेल लावाय बघती, त्यावर लिंग ठेवाय बघती. मी कुणाला हात लावू दिला न्हाय त्याला. म्हणलं, बायकोचा हाय. ती आल्यावर तिचा तिला देईन."

महादेवप्पा हळूच म्हणला, "वैनी, डोक्यावर परिणाम झालाय गं त्याच्या."

"तुमच्या झालाय," मी म्हणलं. "जीप परत पाठवा. ते गाठोडं आत ठेवा. आन उद्यापास्नं ही कॉट फिरवायची, सैपाकघर उजवीकडं येईल अशी."

मग मी तो हात माझ्या हातात घेतला. गार हुता, जड हुता, मनगटावर त्यांच्याच बोटांचे वळ उठलेले. रडू येत हुतं आन रागबी जात न्हवता.

"व्हय, माझाच हाय," मी म्हणलं. "ऱ्हाऊ द्या तुमच्याजवळ. आन ऐका, ती चटणीबी मीच केलती."